ऑफिसातून गिट क्लोन होत नाही, घरून होतं (आणि ब्राउझरमध्ये साइट उघडते!)

रिकामी_ओळ | सोमवार, दुपारी १२.४०

मंडळी, डोकं पिकलंय, मदत करा. ऑफिसच्या नेटवर हा आपला मंच बंद आहे म्हणून फोनवरून लिहितेय. कळपट मराठीच आहे, त्यामुळे एरर आणि कमांड देवनागरीत लिहिते, समजून घ्या.

गेल्या आठवड्यात नव्या प्रोजेक्टवर घेतलं. क्लायंटचा रेपो (कोड ठेवायची जागा) गिटहबवर आहे, प्रायव्हेट; गिटने तो क्लोन करायचा, म्हणजे लॅपटॉपवर प्रत उतरवायची. लॅपटॉप ऑफिसचा, विंडोज, त्यात डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू. घरच्या वायफायवर क्लोन झटक्यात झाला. ऑफिसात तोच लॅपटॉप, तीच की (ओळख पटवणारी एसएसएचची किल्ली), तीच कमांड, आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ नुसता लुकलुकणारा कर्सर बघितल्यावर हे येतं:

एसएसएच: कनेक्ट टू होस्ट गिटहब डॉट कॉम पोर्ट २२: कनेक्शन टाइम्ड आउट

आतापर्यंत केलेलं: की तीनदा नवी बनवली आणि तीनदा अकाउंटवर चढवली, गिट काढून परत टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला. हेल्पडेस्कला तिकीट टाकलं, तर "साइट ब्राउझरमध्ये उघडत आहे, सबब अ‍ॅक्सेस आहे" असं लिहून अकरा मिनिटांत बंद केलं.

कुठे चुकतेय मी?

---

धडाधड | सोमवार, दुपारी १२.५२

कंपनीच्या नेटवर नेहमीचंच आहे हे. गिट कॉन्फिगमध्ये एचटीटीपी डॉट एसएसएलव्हेरिफाय फॉल्स करा. मी गेली चार वर्षं तसंच वापरतोय, काही होत नाही.

---

जुनाखोड | सोमवार, दुपारी १.१५

धडाधड, थांबा जरा. एकतर त्या सेटिंगचा इथे संबंधच नाही. त्या क्लोन करताहेत एसएसएचने (किल्लीने ओळख पटवणारा रस्ता) आणि ते सेटिंग आहे एचटीटीपीएसचं (ब्राउझरचा रस्ता; त्यातली सर्टिफिकेटची तपासणी ते बंद करतं). दुसरं, ते सेटिंग कुणालाच सुचवू नये, पण त्यावर नंतर भांडू.

रिकामी_ओळ, तुमचं काहीच चुकत नाहीये. किल्लीला तर हातही लावायचा नव्हता. एरर नीट वाचा: "टाइम्ड आउट". तुम्ही दार वाजवलंत आणि आतून "कोण आहे" असंसुद्धा कुणी विचारलं नाही. किल्ली दाखवायची वेळ आलीच नाही, मग ती नवी काय नि जुनी काय. किल्ली चुकली असती तर "परमिशन डिनाइड, पब्लिक की" आलं असतं, तेही सेकंदाभरात.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "टाइम्ड आउट" यांतही फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे पलीकडून कुणीतरी स्पष्ट नकार दिला. टाइम्ड आउट म्हणजे तुमची पाकिटं मधल्यामध्ये कुणीतरी गुपचूप टाकून दिली, आणि लिनक्स बिचारं परत परत पाठवत राहिलं. ती दोन मिनिटं त्यातच गेली. ऑफिसात हे काम करणारा एकच, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी. बाहेर जाणारं पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, बंद आहे, बास.

ब्राउझर ४४३ या दुसऱ्याच दाराने जातो. म्हणून हेल्पडेस्कचं म्हणणं खरं आहे आणि निरुपयोगीही आहे.

(अवांतर: हा २२ आकडा आला कुठून? १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरणाऱ्याचं प्रकरण झालं आणि त्यावरून तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं. बदलायचं होतं टेलनेट आणि एफटीपीला. त्यांचे पोर्ट २३ आणि २१. मधला २२ रिकामा होता, त्याने मेल करून मागितला आणि मिळाला. आजच्या काळात कुणी मागून बघावा.)

---

सातवा_थर | सोमवार, दुपारी १.३०

जुनाखोड यांच्याशी सहमत. उपाय सोपा आहे. गिटहब एसएसएच ४४३ वरही देतं, फक्त होस्टचं नाव वेगळं. होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल उघडा आणि चार ओळी टाका:

होस्ट गिटहब डॉट कॉम
होस्टनेम एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम
पोर्ट ४४३
यूजर गिट

रेपोचा पत्ता बदलावा लागत नाही. गिटलॅब आणि बिटबकेट यांचंही असंच आहे, तिथे होस्टनेम ऑल्टएसएसएच ने सुरू होतं.

मग एसएसएच, वजा कॅपिटल टी, गिट अ‍ॅट गिटहब डॉट कॉम चालवा. "यू हॅव सक्सेसफुली ऑथेंटिकेटेड, बट गिटहब डज नॉट प्रोव्हाइड शेल अ‍ॅक्सेस" आलं की जमलं. हे वाक्य एरर समजून रडणारे दोनजण मी स्वतः पाहिलेत.

---

मधलीसुट्टी | सोमवार, दुपारी १.४४

पण हे म्हणजे पुढचं दार बंद केलं म्हणून खिडकीतून शिरण्यासारखं नाही का? नेटवर्कवाल्यांनी २२ मुद्दाम बंद केलं असेल तर?

---

सातवा_थर | सोमवार, दुपारी १.५०

खिडकी गिटहबने स्वतः बसवलीय, त्यांच्या मदतीच्या पानांत लिहिलंय. यात चोरी कसली?

---

जुनाखोड | सोमवार, दुपारी २.०५

खिडकी गिटहबची असली तरी भिंत कंपनीची आहे. मधलीसुट्टी बरोबर बोलताहेत. मॅनेजरला एका ओळीची मेल टाका, "क्लायंटच्या रेपोसाठी ४४३ वरून एसएसएच वापरतेय", आणि मग करा. उद्या सिक्युरिटीच्या अहवालात तुमच्या लॅपटॉपचं नाव आलं तर ती एक ओळ कामी येते. माझ्या आली होती.

---

नवा_सदस्य_७ | सोमवार, दुपारी २.२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक | सोमवार, दुपारी २.३१

कंपनीचं नेटवर्क चुकवण्यासाठी स्वतःचा बोगदा खणायच्या सूचना इथे नकोत. वरचा प्रतिसाद काढला आहे.

---

रिकामी_ओळ | सोमवार, संध्याकाळी ५.१०

मॅनेजरला मेल टाकली, त्यांनी अंगठा दाखवला (होकाराचा). चार ओळी टाकल्या. प्रगती आहे, आता दोन मिनिटं थांबावं लागत नाही, लगेच तोंडावर आपटते:

केक्स एक्सचेंज आयडेंटिफिकेशन: कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट

घरी जाऊन हेच केलं तर ४४३ वरूनही चालतं. म्हणजे कॉन्फिग बरोबर आहे ना?

---

जुनाखोड | सोमवार, रात्री ९.४०

कॉन्फिग बरोबर आहे. तुमची फायरवॉल जरा जास्त हुशार आहे, एवढंच.

एसएसएचमध्ये सगळं एन्क्रिप्टेड असतं हे खरं, पण अगदी सुरुवातीची बोलणी सोडून. जोडणी झाल्या झाल्या दोन्ही बाजू आपली ओळख साध्या मजकुरात सांगतात: "एसएसएच-२.०-" आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव. एकदा डब्ल्यूएसएलमधून एनसी (नुसती जोडणी करून बघायची कमांड) चालवून एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉमच्या ४४३ ला नुसतं जोडून बघा, घरून. काहीही टाइप न करता ती ओळ समोर येईल.

उलट टीएलएस (एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन) सुरू होतं क्लायंट हेलोने, त्याचे पहिले बाइट्सच वेगळे. आधीच्या फायरवॉल फक्त पोर्टचा आकडा बघायच्या. तुमची आत डोकावते. ४४३ वरून टीएलएस जाईल म्हणून ती वाट बघते, येतं "एसएसएच-२.०", की तिने दोर कापला. म्हणून जोडणी होते आणि ओळख सांगताना तुटते. एररमधला "रिमोट होस्ट" हा गिटहब नसून तुमच्याच इमारतीतला डबा आहे.

इथे एसएसएचचा नाद सोडा. एचटीटीपीएसने जा. नेटवर्कवाल्यांना ज्या रस्त्यावर राखण करता येते त्याच रस्त्याने गेलं की कुणाची कटकट नाही.

---

रिकामी_ओळ | मंगळवार, सकाळी ११.२५

एचटीटीपीएसचा पत्ता लावला. विंडोजच्या पॉवरशेलमधून आणि डब्ल्यूएसएलमधून, दोन्हीकडे एकच:

एसएसएल सर्टिफिकेट प्रॉब्लेम: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट

---

धडाधड | मंगळवार, सकाळी ११.२७

आता तरी एसएसएलव्हेरिफाय फॉल्स?? 😄

---

जुनाखोड | मंगळवार, सकाळी ११.५५

आता भांडूया.

रिकामी_ओळ, ऑफिसातच ब्राउझरमध्ये गिटहब उघडा, पत्त्याशेजारच्या कुलपावर (किंवा त्याजागी जे चिन्ह असेल त्यावर) क्लिक करा, सर्टिफिकेट बघा. "इश्यूड बाय" समोर कुणाचं नाव आहे?

---

रिकामी_ओळ | मंगळवार, दुपारी १२.१०

बापरे. आमच्याच कंपनीचं नाव आणि पुढे रूट सीए!

---

जुनाखोड | मंगळवार, दुपारी १२.४५

घाबरू नका, हे बऱ्याच कंपन्या करतात. फायरवॉल मध्ये बसून टीएलएस उघडते, आत काय चाललंय ते बघते, आणि पुन्हा बंद करून तुमच्याकडे पाठवते. पुन्हा बंद करताना गिटहबच्या खऱ्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली तिच्याकडे कुठून येणार? मग ती त्याच नावाचं नवं सर्टिफिकेट बनवते आणि कंपनीच्या शिक्क्याने (तेच ते रूट सीए) सही करते. तो शिक्का लॅपटॉप देतानाच विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये घालून ठेवलेला असतो. ब्राउझर तिथे बघतो म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. गिट मात्र स्वतःची वेगळी यादी घेऊन फिरतं, त्या यादीत तुमच्या कंपनीचं नाव नाही.

धडाधड, आता तुमचं सेटिंग. कंपनीचा शिक्का गिटच्या यादीत घातला, तर मधे बसायची परवानगी एकट्या कंपनीला मिळते. व्हेरिफाय फॉल्स केलं, तर ती वाटेतल्या कुणालाही मिळते. उद्या तुम्ही तोच लॅपटॉप कुठल्याही फुकट वायफायला लावलात आणि तिथे कुणी गिटहबचं सोंग घेऊन बसला असेल, तर गिट त्याला तुमचं टोकन (पासवर्डच्या जागी वापरायचा परवाना) निमूटपणे देऊन टाकेल. टोकन हेडरमध्ये बेस सिक्स्टीफोर करून जातं, ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही उलटं करून वाचू शकतो. आणि तुमच्याकडे ते सेटिंग ग्लोबल असेल, म्हणजे प्रत्येक रेपोला लागू.

रिकामी_ओळ, विंडोजवर एका ओळीचं काम: गिट कॉन्फिग ग्लोबलमध्ये एचटीटीपी डॉट एसएसएलबॅकएंड ला एसचॅनल द्या. मग गिट विंडोजचंच स्टोअर वापरेल. डब्ल्यूएसएलला हे लागू नाही, ते वेगळं घर आहे. तिथे शिक्का हातानेच न्यावा लागेल: विंडोजच्या सर्टिफिकेट मॅनेजरमधून रूट एक्सपोर्ट करा, उबुंटूत यूएसआर, लोकल, शेअर, सीए-सर्टिफिकेट्स या फोल्डरात ठेवा, आणि सुडो लावून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा.

---

चौथीओळ | मंगळवार, दुपारी १.०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे एसचॅनल केल्यावर "रिव्होकेशन चेक" करता येत नाही असा एरर यायचा. सर्टिफिकेट रद्द झालंय का हे बघायला विंडोज ज्या पत्त्यावर जातं तोच फायरवॉलने अडवलेला होता. नेटवर्कवाल्यांनी तो उघडून दिला आणि सुटलो.

---

रिकामी_ओळ | मंगळवार, दुपारी ४.३०

पॉवरशेलमध्ये टीएलएसच्या पुढे गेले!! डब्ल्यूएसएलमध्ये नाही. फाइल ठेवली, कमांड चालवली, ती म्हणते "झीरो अ‍ॅडेड, झीरो रिमूव्ह्ड, डन". डन कसलं?

---

सातवा_थर | मंगळवार, दुपारी ४.३८

फाइलचं नाव कशाने संपतं? डॉट सीईआर?

---

रिकामी_ओळ | मंगळवार, दुपारी ४.४०

हो, विंडोजने तसंच दिलं.

---

सातवा_थर | मंगळवार, दुपारी ४.५१

तिथेच मेख आहे. ती कमांड फक्त डॉट सीआरटी ने संपणाऱ्या फाइलींकडे बघते, बाकीच्यांकडे ढुंकूनही नाही, आणि तक्रारही करत नाही.

पण नुसतं नाव बदलू नका. आधी फाइल कॅट करून बघा. "बिगिन सर्टिफिकेट" अशी ओळ दिसली आणि खाली अक्षरांचा ठोकळा असेल तर ठीक, नाव बदला. टर्मिनलवर चित्रविचित्र चिन्हं सांडली तर तुम्ही बायनरी प्रकार एक्सपोर्ट केलाय. एक्सपोर्टच्या विझार्डमध्ये पहिला पर्याय तोच असतो आणि सगळे नेक्स्ट नेक्स्ट करत जातात. दुसरा घ्या, बेस-६४ वाला.

---

रिकामी_ओळ | मंगळवार, संध्याकाळी ५.०५

सांडली होती चिन्हं 🙈 दुसरा पर्याय घेतला, नाव बदललं, "वन अ‍ॅडेड". आता यूजरनेम-पासवर्ड विचारतोय. पासवर्ड दिला तर म्हणतो पासवर्ड ऑथेंटिकेशन काढून टाकलंय.

---

जुनाखोड | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर गिटसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. पासवर्डच्या जागी पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन द्यायचं. बनवताना मुदत घाला आणि लागतील तेवढेच अधिकार द्या. क्लायंटच्या ऑर्गनायझेशनला सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) असेल, तर जुन्या पद्धतीचं टोकन बनवल्यावर त्याच पानावर ते त्या ऑर्गनायझेशनसाठी मंजूर करायचं वेगळं बटण असतं. ते विसरलात तर ४०३ (परवानगी नाही) येईल.

आणि टोकन रेपोच्या पत्त्यात चिकटवू नका. ते डॉट गिट फोल्डरातल्या कॉन्फिगमध्ये उघड्यावर पडून राहतं, आणि कुणीतरी एक दिवस स्क्रीन शेअर करताना रिमोटची यादी काढतं. गिट क्रेडेन्शियल मॅनेजर विंडोजच्या गिटबरोबर येतो, तो वापरा. डब्ल्यूएसएलमधूनही त्यालाच बोलावता येतं.

---

मधलीसुट्टी | बुधवार, सकाळी १०.१५

धागा पळवतोय, माफी असावी. माझ्याकडे प्रकार वेगळा. आमच्याकडे सरळ बाहेर जाताच येत नाही, प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरमधून जावं लागतं, आणि त्यासाठी ब्राउझर "ऑटोमॅटिक कॉन्फिगरेशन स्क्रिप्ट" वापरतो. गिटमध्ये तीच स्क्रिप्ट एचटीटीपी डॉट प्रॉक्सी म्हणून दिली, चालत नाही.

---

सातवा_थर | बुधवार, सकाळी १०.४०

चालणार नाही. ती पॅक फाइल आहे, म्हणजे जावास्क्रिप्टचा तुकडा. ब्राउझर तो चालवून प्रत्येक पत्त्याला कुठल्या प्रॉक्सीतून जायचं ते ठरवतो. गिट ज्या लिबकर्ल लायब्ररीवर उभं आहे तिला जावास्क्रिप्ट येत नाही. ती फाइल उतरवून घ्या, नोटपॅडमध्ये उघडा. फाइंडप्रॉक्सीफॉरयूआरएल असं फंक्शन दिसेल, त्याच्या पोटात "प्रॉक्सी" शब्दापुढे होस्ट आणि पोर्ट लिहिलेला असेल. तो गिटला द्या.

---

मधलीसुट्टी | बुधवार, सकाळी ११.३०

दिला. आता ४०७. माझा विंडोजचा पासवर्ड प्रॉक्सीच्या पत्त्यात घातला तर म्हणतो होस्टच सापडत नाही.

---

जुनाखोड | बुधवार, दुपारी १२.००

पासवर्डात ॲट किंवा स्लॅश असणार. पत्त्यात ही चिन्हं अशी कच्ची घातली की पत्ता कुठे सुरू होतो नि कुठे संपतो याचा विचका होतो. ॲटच्या जागी टक्का चाळीस लिहिलं की चालेल, पण ते करूच नका. विंडोजचा पासवर्ड साध्या मजकुरात फाइलमध्ये? आणि दर थोड्या दिवसांनी तो बदलला की जुन्या पासवर्डाने गिट प्रॉक्सीला धडका देत राहील आणि तुमचं खातंच लॉक होईल. आमच्या टीममध्ये एकाचं सोमवारी सकाळी व्हायचं, कारण कळायला महिना गेला.

४०७ म्हणजे प्रॉक्सीला तुमची ओळख हवी. विंडोजच्या गिटमध्ये यूजर आणि पासवर्ड दोन्ही रिकामे ठेवून फक्त कोलन आणि ॲट लिहिलं, की बहुतेक वेळा ते तुमच्या चालू लॉगिनवरच ओळख पटवतं. डब्ल्यूएसएलमध्ये ती सोय नाही. तिथे पीएक्स नावाचा छोटा प्रॉक्सी विंडोजवर चालवतात, तो लॉगिन वापरून पुढे बोलतो आणि तुम्ही त्याच्या ३१२८ पोर्टला जोडता. आधी सिक्युरिटीवाल्यांना विचारून.

---

रिकामी_ओळ | बुधवार, दुपारी ३.२०

टोकन बनवलं, सिंगल साइन-ऑनला मंजूर केलं. पॉवरशेलमध्ये "रिपॉझिटरी नॉट फाउंड". ब्राउझरमध्ये रेपो समोर उघडा आहे आणि हा म्हणतो सापडत नाही!

---

चौथीओळ | बुधवार, दुपारी ३.२८

विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये बघा. त्या लॅपटॉपवर कधी स्वतःच्या खासगी खात्याने लॉगिन केलं होतं का? गिट टोकन विचारलंच नसेल, जुनं परस्पर वापरलं असेल. खासगी खात्याला तो रेपो दिसत नाही, आणि गिटहब मुद्दामच "परवानगी नाही" न म्हणता "सापडत नाही" म्हणतं. नाहीतर नावं टाकून टाकून कुठल्या कंपनीचे कुठले रेपो आहेत हे कुणालाही चाचपता येईल.

---

रिकामी_ओळ | बुधवार, दुपारी ३.४५

होतं! सहा महिन्यांपूर्वीचं. काढलं, नवं टोकन विचारलं, दिलं, क्लोन झाला!!! दोन्हीकडे.

फक्त सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) अजून २२ वरच जातात आणि लटकतात. त्यांचे पत्ते डॉट गिटमॉड्यूल्समध्ये एसएसएचचे आहेत आणि ती फाइल क्लायंटची, मी बदलू शकत नाही.

---

सातवा_थर | बुधवार, दुपारी ३.५९

बदलू नका. गिट कॉन्फिगमध्ये यूआरएलचं इन्स्टेडऑफ आहे. "गिट ॲट गिटहब डॉट कॉम कोलन" दिसलं की त्याऐवजी एचटीटीपीएसचा पत्ता धर, असं एकदाच सांगायचं. फाइलीला हात न लावता सगळे सबमॉड्यूल वळतात.

---

रिकामी_ओळ | बुधवार, दुपारी ४.१५

दंडवत घ्या. झालं सगळं.

---

रिकामी_ओळ | पुढचा सोमवार, रात्री १०.०५

धागा वर काढतेय. घरून काम, ऑफिसचं व्हीपीएन चालू. डब्ल्यूएसएलमधून फेच (नवे बदल आणणं) होतं, छोटे पुश (आपले बदल चढवणं) होतात. आज थोडा मोठा पुश, "रायटिंग ऑब्जेक्ट्स १०० टक्के" पर्यंत जातो आणि तिथेच बसतो. वीस मिनिटं वाट पाहिली. पॉवरशेलमधून तोच पुश लगेच जातो.

---

धडाधड | सोमवार, रात्री १०.११

एचटीटीपी डॉट पोस्टबफर ५२४२८८००० करा. नेटवर सगळीकडे हेच उत्तर आहे.

---

जुनाखोड | सोमवार, रात्री १०.५०

सगळीकडे आहे, आणि बहुतेक ठिकाणी गैरलागू आहे. पोस्टबफर मुळात १ मेगाबाइट असतो. त्याहून मोठा पुश गिट तुकड्यातुकड्यांनी पाठवतं. मधल्या एखाद्या जुन्या प्रॉक्सीला तुकडे चालत नसतील तरच आकडा वाढवून फायदा. तसं असतं तर पॉवरशेलमधूनही अडलं असतं.

लहान जातं, मोठं अडतं, आणि डब्ल्यूएसएलमध्येच अडतं. मला एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) वास येतोय. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर स्वतःचं वेष्टण चढवतं, त्यामुळे आत जागा १५०० बाइट्सपेक्षा कमी उरते. विंडोजच्या व्हीपीएन ॲडॉप्टरला हे ठाऊक असतं. डब्ल्यूएसएलच्या ईटीएच झीरो या ॲडॉप्टरला कुणी सांगितलेलंच नसतं, तो १५०० चीच भरतो. पाकीट दारात मावत नाही. "लहान करून पाठव" असा निरोप आयसीएमपीने परत यायला हवा, आणि तोच वाटेत कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो. मग दोघंही गप्प.

मोजून बघा. डब्ल्यूएसएलमधून ऑफिसच्या आतल्या एखाद्या सर्व्हरला पिंग, तुकडे करायला मनाई करून (वजा कॅपिटल एम, डू), आकार १४७२ पासून खाली उतरत. जो सर्वांत मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा. २० आयपीचे, ८ आयसीएमपीचे.

---

रिकामी_ओळ | सोमवार, रात्री ११.३५

१४७२ नाही. १४०० नाही. १३७३ नाही. १३७२ गेला! म्हणजे १४००. आयपी लिंक सेट करून ईटीएच झीरोचा एमटीयू १४०० केला आणि दुसऱ्या खिडकीत अडकलेला पुश रद्द करून परत दिला. चार सेकंद.

---

सातवा_थर | सोमवार, रात्री ११.४१

डब्ल्यूएसएल रीस्टार्ट झालं की ते विसरेल. ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फमध्ये बूट विभागात कमांड म्हणून तीच ओळ लिहा. एसएसएचवाल्यांसाठी नोंद: हाच आजार तिकडे "एक्स्पेक्टिंग... केक्स ईसीडीएच रिप्लाय" या ओळीवर गोठून दिसतो. वजा व्ही लावून चालवलं की कळतं.

---

फेरफटका | मंगळवार, सकाळी ९.२०

जुना लॅपटॉप आज उघडला. एसएसएचने ओरडून सांगितलं, "रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड", कुणीतरी काहीतरी वाईट करत असेल म्हणे. नोन होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरच्या किल्ल्यांची यादी) ओळ उडवू का?

---

जुनाखोड | मंगळवार, सकाळी ९.५०

लॅपटॉप २०२३ च्या मार्चनंतर गिटहबला जोडलाच नसेल तर कारण साधं असू शकतं. २४ मार्च २०२३ ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण जुनीचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत दिसत होता. पण "असू शकतं" यावर ओळ उडवायची नाही. गिटहबच्या मदतीच्या पानावर त्यांच्या किल्ल्यांच्या सगळ्या ठशांची (फिंगरप्रिंट) यादी आहे. ते पान ऑफिसच्या नेटवर न उघडता फोनवर उघडा, आणि स्क्रीनवरचा ठसा अक्षर न अक्षर ताडून बघा. जुळला तर ओळ उडवा. नाही जुळला तर तिथेच थांबा आणि नेटवर्कवाल्यांना विचारा, काही फायरवॉल एसएसएचसुद्धा मध्ये उघडतात.

---

फेरफटका | मंगळवार, सकाळी १०.१०

जुळला. आभार.

---

धडाधड | मंगळवार, रात्री ८.३०

एक शंका. समजा कुणी चार वर्षांपूर्वी एसएसएलव्हेरिफाय फॉल्स केलं असेल, तर ते परत कसं घ्यायचं? मित्र विचारतोय.

---

जुनाखोड | मंगळवार, रात्री ८.४८

मित्राला सांगा, आधी गिट कॉन्फिगची यादी शो-ओरिजिन लावून काढ. ते फॉल्स ग्लोबलमध्ये आहे, सिस्टममध्ये आहे की एकेका रेपोत, ते त्यात फाइलच्या नावासकट दिसतं. जिथे असेल तिथे अनसेट कर. गिट एसएसएल नो व्हेरिफाय नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये पडलंय का तेही बघ, ते कॉन्फिगवर मात करतं. मग वर गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी लिहिलंय तसा कंपनीचा शिक्का गिटला दे.

आणि त्या काळात वापरलेली टोकनं सगळी रद्द कर, नवी बनव. ती कुणी वाचली की नाही हे आता कळायला मार्ग नाही.

---

धडाधड | मंगळवार, रात्री ९.३०

तीन ठिकाणी निघालं. टोकनं बदलली. मित्राने.